गिटार काढल्यावर

जुनी लोकर गिरणी, टॉडमॉर्डनजवळ
४ मार्च १९७९

आमच्या लोरेनला धाकट्या माल्कमचा स. न. वि. वि.

पोचलो. वाटेत व्हॅन दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा ढकलायला मी होतो. एड्रियन गायक, त्याच्या घशाला वारा चालत नाही. स्पेन्सला ड्रमसाठी मनगटं जपायची असतात. डेन्झिल बास गिटार वाजवतो आणि उरलेला वेळ झोपतो, तसा तो झोपला होता. मुख्य गिटारवाल्याला मात्र दोन हात असले की पुरे.

स्टुडिओ म्हणजे बंद पडलेली गिरणी. जिथे लोकर धुवायचे तिथे आम्ही वाजवतो, जिथे रंगवायचे तिथे झोपतो, आणि दोन्हीकडे मेंढ्यांचा वास सारखाच येतो. फोन आहे, पण तबकडीला मालकाने कुलूप घातलंय. तसाही आपल्याकडे फोन नाही, तेव्हा पत्रच बरं. आमचं रेकॉर्ड करून देणारा हार्ग्रीव्ह उंच, हडकुळा माणूस आहे. त्याला कायम थंडी वाजते. गळ्यात दोन मफलर, हातात गरम पाण्याचा कप. कालचा अख्खा दिवस त्याने स्पेन्सकडून एकच ड्रम वाजवून घेतला आणि संध्याकाळी म्हणाला की उद्या हाच ड्रम जिन्यात ठेवून ऐकू.

मग माझी पाळी आली. ‘धुण्याचा दिवस’ या गाण्यातला माझा खास भाग मी जीव तोडून वाजवला, तोच, ज्याला आयव्ही आत्या दातदुखी म्हणते. हार्ग्रीव्हने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, यातल्या कमीत कमी किती सुरांत भागेल? मी विचार करून चार म्हणालो. तो म्हणाला, मग दोन वाजव.

हा माणूस न्हाव्याच्या जातीचा आहे, काय ठेवायचं यापेक्षा काय उडवायचं याकडेच त्याचं लक्ष. पण हा आमचा पहिलाच रेकॉर्ड, आणि तो फसला तर दुसरा कुणी काढणार नाही. म्हणून मान खाली घालून बसलोय. सोबत कॅसेट पाठवतोय, बाबांना ऐकव. त्यांचा उजवा हात कसा आहे? बोलणं काही सुधारलं का?

लोभ असावा. नसल्यास निदान लोकरीचे मोजे पाठवावेत. गिरणी लोकरीची असली तरी इथे लोकर उरलेली नाही.

तुझा,
माल्कम


हेसल रोड, हल
११ मार्च

चि. माल्कम यास अनेक आशीर्वाद, आणि मोज्यांचा एक जोड.

बाबांचा उजवा हात आहे तसाच आहे. चमचा आता डाव्या हाताने धरतात आणि अर्धं सूप तरी तोंडात जातं. बोलणं एकेका शब्दाचं, आणि त्यातला निम्मा मलाच ओळखावा लागतो. तुझं पत्र वाचून दाखवलं. व्हॅन ढकलल्याच्या जागी हसले. अर्धांगाचा झटका आल्यापासून पहिल्यांदाच, तेव्हा व्हॅन पुन्हा बंद पडली तर जरूर कळव.

शेजारच्या कथबर्टकाकांनी तुमच्या बँडचं नाव विचारलं. मी ‘बॉबर्स’ म्हणून सांगितलं. बिचाऱ्यांनी उभी हयात गोदीत ट्रॉलर बोटींमधून मासळीच्या पेट्या उतरवल्या, लोक त्यांना बॉबर म्हणायचे. त्यांनी विचारलं, यांच्यातल्या कुणी कधी एक तरी पेटी उचललीय का. मी सांगितलं, आमच्या माल्कमने चिप्सच्या दुकानात तळलेला मासा उचललाय, आणि तोही गरम म्हणून खाली टाकला.

कॅसेट ऐकली. रागावू नकोस, पण तो एड्रियन ‘धुण्याचा दिवस’ मयतीला आल्यासारखा गातो. तो बेव्हर्ली गावचा, त्याच्या घरातून कोण समुद्रावर गेलंय? ज्या दिवशी बाबांचं जहाज सुटायचं त्या दिवशी आपल्याकडे धुणं लावत नसत, नाहीतर माणूस वाहून जातो. पण आई काही त्या दिवशी रडत बसायची नाही. ती कोरड्या फडक्याने खिडक्या पुसायची आणि शेजारणींना नावं ठेवायची. शब्द तूच लिहिलेस ना? मग तुला एवढं आठवायला नको? ते गाणं कुरकुर केल्यासारखं म्हटलं पाहिजे. आणि दोन पट्ट्या वर घ्या. मी भांडी घासताना तसं म्हणून पाहिलं, बरं बसतं.

कारखान्यात मासे गोठवून गोठवून माझी बोटं मात्र आता त्या माशांसारखीच झालीत. बाकी ठीक.

खोकला झाला तर अंगावर काढू नकोस. आमची आठवण राहू दे.

तुझी,
लोरेन


टॉडमॉर्डन
१९ मार्च

आमच्या लोरेनला स. न. वि. वि.

एड्रियन गेला. लंडनच्या एका बँडने त्याला बोलावलंय, त्यांच्याकडे चंदेरी पाटलोणी आहेत म्हणे. जाण्यापूर्वी त्याने आमच्या संगीताला भविष्य कसं नाही यावर भाषण केलं, मग स्टेशनपर्यंत सोडायला सांगितलं. व्हॅन सुरू होईना. तेव्हा मला सोडून जाणाऱ्या माणसाला मीच ढकलत ढकलत स्टेशनात पोचवलं. हे बाबांना वाचून दाखव.

परत आल्यावर हार्ग्रीव्हने सगळ्यांना गायला लावलं. स्पेन्सला दोन ओळींतच लाज वाटली. डेन्झिलने झोपेचं सोंग घेतलं. मला वाटलं, हीच ती वेळ. गाणी माझी, शब्द माझे, जग आजवर उगाच एड्रियनकडे बघत होतं. मी गायलो. हार्ग्रीव्ह म्हणाला, माइकपासून जरा लांब उभा राहा. मग म्हणाला, दारात. मग, जिन्यात. शेवटी मी बाहेर अंगणात होतो, दार लावलेलं होतं, पाऊस पडत होता, आणि आतून निरोप आला की आता बरं वाटतंय.

ऐक, चेष्टा बाजूला. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने कळवलंय की महिनाअखेरपर्यंत गायक मिळाला नाही तर काम थांबवायचं. म्हणजे कायमचं. तुझं पत्र मी जेवताना वाचून दाखवलं होतं, कुरकुरीचं आणि दोन पट्ट्यांचं. हार्ग्रीव्ह तेव्हा गरम पाणी पीत बसला होता. आज त्याने विचारलं की तुझी ती बहीण गाते का. मी म्हणालो, रविवारी खलाश्यांच्या प्रार्थनाघरात आणि रोज मोरीत. तो म्हणाला, घेऊन ये.

शनिवार-रविवार येशील? नाही म्हणू नकोस. म्हटलंस तर मला पुन्हा अंगणात पाठवतील.

लोभ वाढवावा, शक्यतो शनिवारपर्यंत.

माल्कम


हल
२२ मार्च

चि. माल्कम यास आशीर्वाद.

नाही.

मी एकोणतीस वर्षांची आहे. माझ्या केसांना माशाचा वास येतो, आणि तो कुठल्याही साबणाने जात नाही. शनिवारी बाबांची दाढी करायची असते, रविवारी आंघोळ. तुला वाटतं घर म्हणजे कॅसेट, थांबवावी आणि पुन्हा लावावी. तू निघालास तेव्हा मी काही बोलले नाही, कारण दोघांपैकी एकाने तरी कुठेतरी जावं असं मला वाटत होतं. म्हणून काय आता मीही निघू? आणि तिथे येऊन मला गाता आलं नाही तर? इथे मला गाता येतं असं मी समजून तरी चालते. तेवढं राहू दे माझ्याकडे.

लोभ आहेच. पण नाही.

लोरेन

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आयव्ही आत्या आली. तिने न विचारता पत्र वाचलं, आणि म्हणाली की स्वतःच्या भावाची दाढी करायला तिला काही कुणाची परवानगी लागत नाही. बाबांना विचारलं. ते ‘जा’ म्हणाले. मी पुन्हा विचारलं, तर खिडकीकडे तोंड फिरवून पुन्हा ‘जा’. शनिवारी दुपारच्या गाडीने येते. स्टेशनवर ये. ती व्हॅन आणू नकोस.


टॉडमॉर्डन
२८ मार्च

आमच्या लोरेनला स. न. वि. वि.

नीट पोचलीस ना? तू काचेच्या त्या बाजूला होतीस, म्हणून या बाजूला काय झालं ते सांगतो.

तू कोट आणि टोपी घालून भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस, आणि सराव आहे असं समजून तोंडात पेपरमिंट ठेवूनच गायलीस. दुसऱ्या ओळीला स्पेन्सचं च्युइंगम थांबलं. त्याच्या आजीच्या अंत्यसंस्कारात ते थांबलं नव्हतं. डेन्झिल उठून बसला. हार्ग्रीव्हने एक मफलर काढला. गाणं संपल्यावर तू, आता सुरू करायचं का, म्हणून विचारलंस आणि तो म्हणाला की झालं. पेपरमिंट तोंडात असतानाच टेप केलं म्हणून तू त्याला जे बोललीस तेही टेपवर आहे आणि आम्ही ते रोज ऐकतो.

आता पुढचं. सोमवारी त्याने तुझा आवाज एकटाच लावला. मग खाली ड्रम घातले. मग बास. आम्ही चौघं बसलो होतो, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं, इतकं ते चांगलं होतं. मग त्याने माझी गिटार आत घेतली.

लोरेन, घरात कुणी मनातलं काही सांगत असावं आणि तेवढ्यात शेजाऱ्याने ड्रिल मशीन सुरू करावं, तसं झालं. दोनच सूर होते, पण तेही नको होते. मी वाट पाहिली की कुणीतरी बोलेल. हार्ग्रीव्ह कपातलं पाणी ढवळत बसला, आणि त्यात साखरसुद्धा नव्हती. तेव्हा मी म्हणालो, “काढ ती.” तो म्हणाला, नक्की? मी म्हणालो, माझा विचार बदलण्याआधी काढ.

मग मी उदारपणे हसलो, बाहेर आलो आणि डोंगरावर जाऊन रुसलो. रुसायला चांगली जागा शोधत होतो, तेवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो. एक मेंढी शेजारी उभी राहून बघत होती. शेवटी एका शेतकऱ्याने ओढून काढलं. एक बूट तिथेच आहे. रडायचं राहूनच गेलं.

कंपनीने टेप ऐकली. सगळी गाणी तुझ्याच आवाजात हवीत म्हणतायत. कारखान्यातून आठवड्याची रजा काढता येईल का? मे महिन्यात?

लोभ असावा, गिटारीवर नसला तरी माझ्यावर.

माल्कम


हल
१० जून

चि. माल्कम यास आशीर्वाद.

मेमधला तो आठवडा माझ्या आयुष्यात चांगला गेला, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी रागावणार आहे.

हार्ग्रीव्हचं पत्र आलं. दहापैकी सात गाण्यांत तुझी गिटार नाही. मला वाटलं होतं, एकाच गाण्यात नाही. मी तिथे असताना तू सगळ्यांसाठी चहा करत होतास, विनोद करत होतास, माइकच्या तारा गुंडाळत होतास, आणि मी वेडी समजत होते की तू तुझा भाग नंतर वाजवणार. मला दया नको आहे, माल्कम. गाणी तुझी आहेत. तू तेरा वर्षांचा असल्यापासून वरच्या खोलीत ती वाजवून आमचं डोकं उठवलंयस. मला जागा करून द्यायला तू स्वतःला पुसत असशील तर माझा आवाजही काढा.

आणि दुसरं. कंपनीने कळवलंय की सप्टेंबरपासून दौरा आहे. आधी इथली शहरं, मग हॉलंड, मग जर्मनी. मी नाही म्हणून कळवलंय. आयव्ही आत्या दोन दिवस सांभाळू शकते, आठवडाही. दोन महिने नाही, तिचे गुडघे गेलेत. आपल्या घरात पुरुष समुद्रावर जायचे तेव्हा कुणीतरी घरी राहायचं. आता समुद्र बंद झाला, आइसलँडने मासेमारीचं पाणी स्वतःकडे घेतलं, जहाजं भंगारात गेली, पण कुणीतरी घरी राहण्याचं काही संपलेलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. असं असतं, म्हणून लिहिते.

तुम्ही दुसरी कुणी शोधा.

राग ओसरला की लोभ दिसेल.

लोरेन


टॉडमॉर्डन
१३ जून

आमच्या लोरेनला स. न. वि. वि.

दया तुझ्यावर केली नाही. ऐकणाऱ्यांवर केली.

आता खरं सांगतो, आणि ते लिहायला मला तीन कागद फाडावे लागले. पहिल्या गाण्यातली गिटार काढली तेव्हा मला दुखलं. दुसऱ्याला कमी. तिसऱ्याच्या वेळी हार्ग्रीव्हच्या आधी मलाच ऐकू आलं की ती नको आहे, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मला कपभर गरम पाणी दिलं. मला गाणी करता येतात, लोरेन. वाजवता बेताचंच येतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणत मी दहा वर्षं अंगणाला शिव्या दिल्या.

तेव्हा मी घरी येतोय. बाबांजवळ मी राहीन आणि दौऱ्यावर तू जाशील. उरलेल्या तीन गाण्यांतली गिटार दौऱ्यात डेन्झिलचा मावसभाऊ वाजवेल, मी ऐकलंय त्याला, माझ्यापेक्षा बरा आहे आणि व्हॅनही ढकलतो. कंपनीला मी कळवलं की तुझं आधीचं पत्र चुकून गेलं होतं. खोटं बोललो, पण सही माझीच केली.

तू म्हणशील की याला काय येतं. काही येत नाही. दाढी कशी करायची, सूप किती पातळ, रात्री कुठल्या कुशीवर झोपवायचं, सगळं मला दाखव. दोन सुरांत भागत असेल तर बघतो, नाहीतर चार वाजवीन. आजवर कुठेच माझ्यावाचून अडलेलं नाही. एकदा तरी कुठेतरी अडू दे.

नाही म्हणू नकोस. तुझी परवानगी गृहीत धरून मी एकच बूट घालून निघतोय.

माल्कम


रॉटरडॅम
१४ ऑक्टोबर

चि. माल्कम यास परदेशातून आशीर्वाद.

काल इथे पाचशे माणसं होती. सुरू होण्याआधी मला ओकारी झाली. स्पेन्सने बादली धरली आणि च्युइंगम चघळत राहिला, त्याने धीर आला. कंपनीने मला हिरवा पोशाख आणला होता. मी म्हटलं, हिरवं म्हणजे अपशकुन, आमच्याकडे ते घालून कुणी पाण्याच्या आसपासही फिरत नाही. त्यांना वाटलं मी नखरे करते. तुझा काळा सदरा घालून गायले. बाह्या दुमडल्या.

‘धुण्याचा दिवस’ झाल्यावर लोकांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. त्यांना एक शब्द कळत नसणार. पुढच्या रांगेत एक म्हातारी बाई होती, अंगात कामाचा झगा, बहुधा तिथली झाडलोट करणारी. ती मान हलवत होती, एखाद्या शेजारणीची निंदा ऐकताना हलवतात तशी.

मला इथे आवडतंय. हे लिहिताना अपराधी वाटतं, म्हणून पुन्हा लिहिते, मला इथे आवडतंय.

बाबा जेवतात का? तू दाढी करताना त्यांना कापत नाहीस ना? मला खरं सांग. रेकॉर्ड आला का?

तुमच्या दोघांच्या आठवणीत,
लोरेन


हल
२ नोव्हेंबर

आमच्या लोरेनला स. न. वि. वि.

खरं सांगतो. कापतो. पण आता एकाच जागी, आणि बाबा तिथे आधीच बोट धरून ठेवतात. जेवण बरं आहे. माझं सूप पाहून आयव्ही आत्याने विचारलं की हे प्यायचं की याने भिंत लिंपायची. बाबांनी दोन वाट्या घेतल्या आणि तिच्याकडे बघत राहिले. आम्ही रोज गोदीपर्यंत चालत जातो. ते डाव्या हाताने माझा दंड धरतात आणि वाटेत भेटेल त्याला माझ्याकडे बोट दाखवून ‘बॉबर’ म्हणतात. कथबर्टकाका आता त्याला हसतात. मी सकाळी त्यांच्या पुतण्याच्या मासळीच्या दुकानात काम करतो, पेट्या उचलतो. बाबांची दुपारची झोप असते तेव्हा वरच्या खोलीत नवी गाणी करतो, तुझ्या पट्टीत. चार झालीत. गिटार हळू वाजवतो, ते झोपलेले असतात म्हणून, आणि हळूच बरी वाजते असा शोध लागलाय.

रेकॉर्ड काल आला. मी आत्याला बोलावलं, बाबांना चहा दिला आणि रेकॉर्ड लावला. तुझा आवाज सुरू झाला तशी बाबांनी टोपी काढली, प्रार्थनाघरात काढतात तशी, आणि मांडीवर ठेवली. पहिली बाजू संपेपर्यंत हललेसुद्धा नाहीत. ‘धुण्याचा दिवस’ला आत्याने एकदा, अगदी तुमची आई, असं म्हटलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण झटक्यानंतर ते तसंही येतं, तेव्हा मी फक्त रुमाल दिला.

बाजू संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बराच वेळ तोंड हलवून म्हणाले, “तू... कुठे?”

मी सांगितलं की या बाजूच्या गाण्यांत मी नाही, बाबा. मला काढलंय. बरं वाजावं म्हणून.

त्यांनी डाव्या हाताने शेजारच्या खुर्चीच्या हातावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, “इथे.”

लोरेन, काय सांगू. आयुष्यात इतकं चांगलं मला कुणी काही म्हटलं नव्हतं. मी खुर्चीत बसलो, त्यांचा हात हातात घेतला आणि तसाच बसून राहिलो. तेव्हा ते वैतागून पुन्हा ‘इथे’ म्हणाले, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या मांडीवर टोपी होती, टोपीवर रिकामा कप कलंडत होता, आणि तो कुठे ठेवायचा ते ते सांगत होते.

आत्या म्हणते, दोन्ही असेल. मी चौकशी केली नाही. कप घेतला, खुर्चीच्या हातावर ठेवला आणि दुसरी बाजू लावली.

लोभ आहे हे माहीत आहे. जर्मनीतही असू दे.

तुझा,
माल्कम